पूल खालून बघायचा असतो

या आठवड्याचं पत्र थोडं कापून देतो आहे.

"काका, मी कळव्याला राहते, वय २५. सिव्हिलची पदवी घेऊन अडीच वर्षं झाली. तेव्हापासून एका ठेकेदार कंपनीत साइट इंजिनिअर आहे, पूर्व उपनगरात उड्डाणपुलाचं काम चालू आहे तिथं. बारा-बारा तास ड्युटी, महिन्यातून आठ-दहा रात्री. बरोबरची निम्मी मंडळी आयटीत गेली. ताई म्हणते, सहा महिन्यांचा कोर्स कर, तूही ये. बाबा एसटीत चालक होते. ते म्हणतात, एमपीएससी दे, साहेब हो, नाहीतर दुसरं काहीही कर पण पूल नको. सावित्रीचा पूल गेला तेव्हापासून त्यांनी पूल या शब्दाचाच धसका घेतलाय, कारण त्या रस्त्यावर त्यांनी अकरा वर्षं गाडी चालवली. मला बेलापूरच्या एका डिझाइन ऑफिसमधून विचारणा आली आहे, पण पगार आत्ताहून कमी. या लाइनमध्ये पुढं नक्की काय असतं, हे कुणी धड सांगत नाही. काय करू?

ता. क. मागच्या महिन्यात रात्री एका पिअर कॅपचं काँक्रीट होतं. एका बाजूचे कव्हर ब्लॉक निसटले होते, सळई शटरिंगला टेकलेली दिसत होती. गेटवर काँक्रीटच्या गाड्या उभ्या. सीनियर म्हणाले, सही कर, बाकीचं मी बघतो. मी पोअर कार्डवर सही केली. तेव्हापासून झोप नीट लागत नाही."

— एक साइट इंजिनिअर, कळवा

प्रिय कळवेकर,

पाहुणा निघायला उठतो, चप्पल घालतो, आणि मग दारात उभं राहून ज्या कामासाठी आला ते बोलतो. तुझं पत्र तसं आहे. नोकरीबद्दल पानभर लिहिलंस आणि जे सलतंय ते ता. क. मध्ये टाकलंस. तेव्हा आधी त्या रात्रीचं बोलू. तुला 'तू' म्हणतोय, चालवून घे. माझी पुतणी तुझ्याहून मोठी आहे.

या लाइनबाहेरच्या वाचकांसाठी चार ओळी. पिअर म्हणजे पुलाचा खांब, आणि पिअर कॅप म्हणजे त्याच्या माथ्यावरचा आडवा भाग. शटरिंग म्हणजे काँक्रीट ओतायचा पाट्यांचा तात्पुरता साचा. सगळं तपासलं, आता काँक्रीट टाका, असं सह्या करून सांगणारा कागद म्हणजे पोअर कार्ड. काँक्रीटमधली सळई आणि बाहेरची हवा यांच्यामध्ये काँक्रीटचं जे पांघरूण असतं, त्याला कव्हर म्हणतात. पुलांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची संहिता आहे, आयआरसी ११२. ती हवामान बघून साधारण ४० ते ५० मिलिमीटर कव्हर मागते. ते राहावं म्हणून सळई आणि शटरिंगच्या मध्ये छोटे ठोकळे बांधतात, तेच कव्हर ब्लॉक. वस्तू काडीमोलाची. पण ती निसटली की सळई पाट्याला जाऊन टेकते. दुसऱ्या दिवशी पाट्या काढल्यावर काँक्रीट छान गुळगुळीत दिसतं, आणि आत सळई मात्र हाताच्या शिरेसारखी कातडीलगत येऊन बसलेली असते. मुंबईची हवा खारी. ओल आणि क्षार सळईपर्यंत पोचले की गंज धरतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. ती तो आतून काँक्रीट फोडून मिळवतो.

म्हणजे तुझा पिअर कॅप उद्या पडणार नाही, पुढच्या वर्षीही नाही. दहा-पंधरा वर्षांनी कुणीतरी वर बघेल आणि त्याला एक तांबूस रेघ दिसेल. झोप उडावी एवढी ही चूक आहे. सुधारता येणार नाही एवढी मात्र नाही.

आता काय करायचं ते ऐक. साइटवर क्वालिटीवाल्यांकडे कव्हर मीटर असतो, नसला तर मागवता येतो. काँक्रीट न फोडता सळई किती खोल आहे ते तो सांगतो. त्या बाजूला खडूनं चौकटी आखून प्रत्येक चौकटीचा आकडा लिहून घ्यायचा, तासा-दोन तासांचं काम. आकडे ठीक निघाले तर तू आज रात्री झोपशील. कमी निघाले तर एनसीआर (नॉन-कन्फॉर्मन्स रिपोर्ट) निघेल, आणि त्या शब्दाला घाबरू नकोस. काम ठरल्याप्रमाणे झालं नाही एवढीच ती कागदावरची कबुली आहे, आणि तिच्यापुढं उपाय लिहायचा रकाना असतो. थोडं कमी असेल तर संरक्षक कोटिंग चालतं. फारच कमी असेल तर पृष्ठभाग खरवडून पॉलिमर मॉर्टरचा किंवा मायक्रोकाँक्रीटचा थर द्यावा लागतो, आणि तो कुठला द्यायचा हे डिझाइनवाल्यांनी ठरवायचं, मी नाही आणि तूही नाही. आत्ता हे परांचीवर उभं राहून होईल. वर गर्डर, म्हणजे पुलाच्या लांब तुळया, चढले, खालून रस्ता सुरू झाला की त्याच कामाला ट्रॅफिक पोलिसांची परवानगी, रात्रीचा ब्लॉक आणि दहापट खर्च.

सांगायचं कुणाला? आधी सेक्शन इन्चार्जला तोंडी, आणि त्याच दिवशी क्वालिटी प्रमुखाला मेल. तीन वाक्यं पुरेत. अमुक तारखेला अमुक पिअर कॅपच्या अमुक बाजूला काँक्रीटच्या वेळी कव्हर ब्लॉक निसटलेले मी पाहिले. पोअर कार्डवर सही माझी आहे. कव्हर मीटरने तपासणी व्हावी. सीनियरचं नाव घालू नकोस, 'मला सांगण्यात आलं' असंही लिहू नकोस. सही तुझी आहे तर मेलही तुझाच. आठवड्यात हालचाल झाली नाही तर कामावर देखरेख करणाऱ्या सल्लागार कंपनीच्या रेसिडेंट इंजिनिअरला प्रत पाठव. लोक चिडतील. एखादी चांगली शिफ्ट हातची जाईल. नोकरी जाईल का? मला तसं वाटत नाही, पण जाणारच नाही अशी हमी मी इथं बसून देणं खोटं ठरेल. गेली तर अशा मेलवर ज्यानं माणूस काढला, त्याच्याकडे पुढची दहा वर्षं काढायची नव्हतीस एवढं नक्की.

आणि सीनियरबद्दल फार कडू होऊ नकोस. रात्री दोन वाजता गेटवर सहा गाड्या फिरत उभ्या असतात. काँक्रीट दोन-तीन तासांत टाकलं नाही तर फेकावं लागतं, आणि फेकलेल्या गाडीचा हिशोब सकाळी त्याच्याकडून मागतात. पोअर कार्डवर तीन सह्या असतात. तिन्ही असल्या की प्रत्येकाला वाटतं, उरलेल्या दोघांनी बघितलंच असेल. तू पुढच्या वेळी एवढंच म्हण, 'सर, मला वीस मिनिटं द्या.' वीस मिनिटांत दोन फिटर आणि बांधणीच्या तारेचं एक भेंडोळं यांच्या जोरावर तेवढे ब्लॉक परत बसतात. 'नाही' म्हणण्यापेक्षा 'वीस मिनिटं' म्हणणं सोपं जातं आणि काम तेच होतं.

माझंही एक सांगतो. नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी रायगड जिल्ह्यातल्या एका लहान पुलावर होतो. डेक स्लॅबमधून, म्हणजे ज्यावरून गाड्या जातात त्या लादीतून, पावसाचं पाणी खाली सोडायला नळ्या ठेवलेल्या असतात. काँक्रीट टाकताना त्यातल्या तीन-चार सिमेंटच्या गाळानं बुजल्या. मला दिसलं होतं. नंतर मोकळ्या करू म्हणून पुढं गेलो, आणि नंतर कधी आलंच नाही. तीन पावसाळ्यांनी आमच्या उपअभियंत्यांनी मला जुलैच्या भर पावसात त्या पुलाखाली नेलं, छत्री घेऊन. वर नव्हे, खाली. म्हणाले, आता इथं उभा राहा आणि पाणी कुठून कुठं जातं ते सांग. वरचं सगळं पाणी जॉइंटमधून, म्हणजे दोन गाळ्यांमधल्या फटीतून, गर्डरच्या टोकावर येत होतं, तिथून गर्डर ज्यावर टेकतो त्या बेअरिंगवर, तिथून पिअरवर ओघळत होतं. पांढरे ओघळ म्हणजे पाणी स्लॅबमधून चुना धुऊन आणतंय. तांबूस ओघळ म्हणजे ते सळईपर्यंत पोचलंय. पांढऱ्याची नोंद करायची, तांबड्याला शिडी लावायची. मग त्यांनी मला हातोडी दिली. मडकं घेताना आपण वाजवून घेतो, तसं काँक्रीट वाजवायचं. चांगलं असेल तर खणखणीत वाजतं, आतून सुटलं असेल तर बद्द. तासभर मी पावसात पूल वाजवत होतो आणि ते चहा पीत बघत होते. एक शब्द रागावून बोलले नाहीत. मला ते अजून पचलेलं नाही.

तुला जे विचारायचं होतं, 'या लाइनमध्ये पुढं काय असतं', त्याचं माझं उत्तर त्या छत्रीखालचंच आहे. पुलावरून सगळेच जातात. खाली जाऊन बघणारी माणसं मोजकी असतात, आणि पुढं दहा-वीस वर्षांनी ज्यांच्या सहीला किंमत येते ती यातलीच असतात. बाकी नोकऱ्यांचं तपशिलात सांगतो.

आयटीचं पटकन उरकतो. तुला संगणक आवडत असेल तर खुशाल जा, त्यात कमीपणा नाही. पण तुझ्या पत्रात त्या कोर्सबद्दल अर्धं वाक्य आहे आणि पिअर कॅपबद्दल सहा. मी वाक्यं मोजली.

ठेकेदाराकडची शिडी तुला दिसते आहे. साइट इंजिनिअर, सीनियर, सेक्शन इन्चार्ज, पुढं प्लॅनिंग किंवा प्रोजेक्ट मॅनेजर. इथं हात तयार होतो. पण कंपनी माणसाला एकाच कामाला जुंपते. पाइलवर, म्हणजे जमिनीत खोल जाणाऱ्या पायाच्या खांबांवर, होता म्हणून पुढच्या तिन्ही साइटवर पाइलच, असं झालेली माणसं मी पाहिली आहेत. दहा वर्षांचा अनुभव म्हणून सांगतात, पण ते एकच वर्ष दहा वेळा काढलेलं असतं. तेव्हा माझं पहिलं मत असं, की चालू पूल पुरा होईपर्यंत साइट सोडू नकोस. पाइल, पाइल कॅप, पिअर, बेअरिंग, गर्डर, डेक, एक्स्पान्शन जॉइंट, आणि शेवटी लोड टेस्ट. लोड टेस्ट चुकवू नकोस. पुलावर ठरलेला भार २४ तास ठेवतात आणि तो काढल्यावर पूल किती परत वर येतो ते मोजतात. प्रीस्ट्रेस्ड, म्हणजे आतल्या केबल ताणून बसवलेला गर्डर असेल तर जेवढा वाकला त्याच्या किमान ८५ टक्के परत यायला हवा. डायल गेजचा काटा हळूहळू मागे सरकताना बघणं, रात्रभर जागून. ज्यानं ते बघितलं त्याला काँक्रीट हे वाकणारं, परत उभं राहणारं काहीतरी आहे हे कळतं. पुस्तकातून मला ते कधी कळलं नव्हतं.

मग बेलापूर. पगार कमी आहे म्हणतेस, तरी जा. दोन-अडीच वर्षांसाठी जा. तुझ्यासारखी, जिनं रात्री दोन वाजता सळई पाट्याला टेकलेली पाहिली आहे, ती ड्रॉइंगच्या टेबलावर बसली की वेगळं काढते. पिअर कॅपमध्ये सळया इतक्या दाटीनं दाखवतात की व्हायब्रेटरची सुई आत जात नाही, आणि मग काँक्रीटमध्ये पोकळ्या राहिल्या की शिव्या साइटला. हे ऑफिसात कुणीतरी सांगावं लागतं. डिझाइनच्या गणितापेक्षाही मी तिथं एक गोष्ट शिकण्यावर भर देईन, ती म्हणजे दुसऱ्याचं डिझाइन तपासणं. त्याला प्रूफ चेकिंग म्हणतात, आपल्याकडे मुंबईचं व्हीजेटीआय हे इंजिनिअरिंग कॉलेज, आयआयटी यांच्याकडे अशी कामं जातात. दुसऱ्याच्या गणितात चूक शोधताना आपल्या चुका कुठं लपतात तेही कळतं.

बहुतेक वेळा त्या दोन कामांच्या सांध्यात लपतात. अंधेरीचं उदाहरण तुझ्या डोळ्यांसमोरचं आहे. रेल्वेच्या रुळांवरचा गोखले पूल नव्यानं बांधताना त्याची उंची वाढवावी लागली. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याची एक बाजू सुरू झाली तेव्हा शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल त्याच्यापेक्षा खाली राहिलेला. जोडायचे दोन पूल, मधे माणसाच्या उंचीच्या जवळपास फरक. सगळ्या मुंबईनं हसून घेतलं. त्यानंतर जे झालं त्याकडे मात्र फार कुणी पाहिलं नाही. व्हीजेटीआयच्या देखरेखीखाली बर्फीवाला पुलाची ती बाजू जॅक लावून हळूहळू उचलली, खाली पेडेस्टल, म्हणजे आधाराचे ठोकळे, घातले, आणि जुलै २०२४ मध्ये दोन्ही पूल जोडून वाहतूक सुरू केली. उभा पूल उचलणं ही साधी गोष्ट नव्हे. एकेक मिलिमीटरचा हिशोब, सगळे जॅक एकाच चालीनं. ज्यांनी ते केलं त्यांना त्या दोन महिन्यांत जे शिकायला मिळालं असेल, त्याचा मला खरंच हेवा वाटतो.

एमपीएससीबद्दल बाबांचं म्हणणं उडवून लावू नकोस. पण 'साहेब' झालं की आयुष्य स्वस्थ होतं हा गैरसमज आहे, माझं आयुष्य तिकडेच गेलं. सरकारी पुलाच्या इंजिनिअरचा निम्मा दिवस अंदाजपत्रकं, निविदा, मोजमाप पुस्तकं, भूसंपादन आणि लोकप्रतिनिधींचे फोन यांत जातो. ज्याला पूल *कसा* बांधायचा यात रस आहे त्याची तिथं घुसमट होऊ शकते. ज्याला पूल कुठं, किती आणि कुणासाठी यात रस आहे त्यानं तिकडेच जावं. कोस्टल रोडचं वरळीचं घे. दोन खांबांमधलं अंतर ६० मीटर ठरलं होतं. कोळीवाड्यातले मच्छीमार म्हणाले, एवढ्यातून आमच्या बोटी वादळवाऱ्यात जाणार नाहीत. मोठं भांडण झालं, आणि शेवटी २०२२ च्या अखेरीस एक खांब वगळून अंतर १२० मीटर करायचं ठरलं. डिझाइन नव्यानं करावं लागलं. आता सांग, समुद्रात बोट कशी ढकलली जाते याबद्दल त्या खोलीत सर्वांत जास्त कुणाला माहीत होतं? अशी माणसं आधीच्या बैठकीत बोलवायची की नंतरच्या मोर्चात भेटायची, हे ठरवणारी खुर्ची सरकारी असते. ती हवी असेल तर परीक्षा दे. नोकरी न सोडता, दोन प्रयत्न, तिसरा नाही. चार-चार वर्षं अभ्यासिकेत काढून हात विसरलेली हुशार मुलं मी पाहिली आहेत. आणि सार्वजनिक बांधकाम खात्यात गेलीसच तर पुलांचं संकल्पचित्र मंडळ बेलापूरलाच, कोकण भवनात आहे, ते माहीत असू दे.

हायवेचंही दोन शब्दांत सांगतो, कारण तुम्ही पूलवाले रस्तेवाल्यांना कमी लेखता. रस्ता म्हणजे डांबर नव्हे. रस्ता म्हणजे आखणी, उतार आणि खालची माती. बोरघाटात शिंग्रोबाच्या देवळापाशी नाणं टाकल्याशिवाय बाबा पुढं गेले नसतील. घाटातली वाट इंग्रज साहेबाला धनगरानं दाखवली, अशी ती कथा. आज आखणीला ड्रोन आहेत, पण डोंगर कुठं पाणी सोडतो हे अजून गावातल्या माणसालाच आधी ठाऊक असतं. आणि एक आकडा लक्षात ठेव. ट्रकच्या आसावरचं वजन दुप्पट झालं की रस्त्याचं नुकसान दुप्पट होत नाही, साधारण १६ पट होतं. म्हणून हायवेचे लोक किती गाड्या जातात यापेक्षा किती जड आस जातात ते मोजत बसतात. त्यांची परीक्षा पहिल्या पावसात होते. पुलाच्या इंजिनिअरचं बिंग फुटायला वीस वर्षं लागतात, तोवर तो निवृत्तही झालेला असतो. यातलं जास्त अवघड काय, मला ठरवता आलेलं नाही.

मग ज्याबद्दल तू विचारलंच नाहीस ते. मुंबईत पुढची तीस वर्षं नवे पूल होतीलच. २०२४ च्या जानेवारीत सुरू झालेला अटल सेतू २१.८ किलोमीटरचा आहे, त्यातले सुमारे साडेसोळा किलोमीटर समुद्रावर. आता त्या पुलाची देखभाल कोण करणार? खाऱ्या पाण्यात पूल बांधला की त्याचं दुखणंखुपणंही आलंच. वाशीचा पहिला खाडीपूल १९७३ चा, त्यातल्या प्रीस्ट्रेसिंगच्या केबल गंजल्यामुळे त्याला आयुष्यभर औषधोपचार करावे लागले. पणजीचा मांडवी पूल तर १९८६ च्या जुलैमध्ये पडलाच, तेही आतल्या केबल गंजून. बाहेरून काँक्रीट ठीक दिसत होतं. जुने पूल तपासणं, त्यांचं आयुष्य वाढवणं, कधी थांबायचं ते सांगणं, याची माणसं आपल्याकडे कमी आहेत. फीत कापायला या कामात काही नसतं, म्हणून हुशार मुलं इकडे येत नाहीत. माझ्या मते तुझी जागा इथं आहे. तू अडीच वर्षांत एका न दिसणाऱ्या सळईसाठी झोप घालवलीस, ही या कामाची पात्रताच आहे.

यात जोखीम आहे, लपवत नाही. २०१९ च्या मार्चमध्ये सीएसएमटीचा पादचारी पूल पडला, माणसं गेली. आदल्याच तपासणीत तो किरकोळ दुरुस्तीनं चालेल असं ठरलं होतं, आणि तपासणी करणाऱ्या ऑडिटरला अटक झाली. सावित्रीच्या पुलाचीही २०१६ च्या मे महिन्यात पाहणी झाली होती आणि तो धोकादायक नाही असा निष्कर्ष निघाला होता, हे सरकारनंच सांगितलं. त्याच वर्षी २ ऑगस्टच्या रात्री तो पुरात गेला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसट्या त्याच्याबरोबर गेल्या. बाबांचा धसका वेडा नाही. त्या गाड्यांवरचे चालक त्यांच्यातलेच होते. नदीवरच्या पुलाचा जीव त्याच्या पायात असतो. पुरात नदी पायाभोवतीचा तळ उकरते, आणि मे महिन्यात रस्त्यावर उभं राहून ते दिसत नाही. त्याला पाण्यात उतरणारा माणूस लागतो. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला, २०१७ च्या जूनमध्ये सुरूही झाला. बांधायला आपण पटाईत आहोत. बघत राहायला कंटाळतो.

मुलीच्या जातीला हे काम कसं, असं तू विचारलं नाहीस, पण घरी कुणीतरी विचारत असणार. तर शकुंतला भगत यांचं नाव सांग. व्हीजेटीआयमधून १९५३ साली सिव्हिलची पदवी घेतली, पुढं आयआयटी मुंबईत शिकवलं, आणि नवऱ्याबरोबर मुंबईत क्वाड्रिकॉन ही कंपनी काढून पोलादी सुट्या भागांचे जोडपूल बनवले. वाहून न्यायचे आणि जागेवर जोडायचे. त्यांचा पहिला पूल १९७२ मध्ये हिमाचलात स्पितीत उभा राहिला. हे नाव मला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं, निवृत्तीच्या आसपास कळलं. मात्र साइटवर बायकांसाठी धड स्वच्छतागृह नसेल तर त्याचा मेल आधी कर, कव्हर मीटरच्याही आधी. त्यात भिडस्तपणा नको.

वाचायचं म्हणशील तर तूर्त दोनच. आयआरसी एसपी ३५, पुलांच्या तपासणी-देखभालीवरची, आणि केंद्रीय रस्ते मंत्रालयाची ती नारिंगी पुठ्ठ्याची स्पेसिफिकेशनची जाड प्रत. दुसरी रोज पान-दोन पान, आजच्या कामाचं असेल तेवढंच.

आणि एक काम बाबांना बरोबर घेऊन कर. एखाद्या रविवारी त्यांना कळव्याहून ठाण्याला खाडीपुलाखाली घेऊन जा. आधी त्यांना बोलू दे. अकरा वर्षं कोकणच्या रस्त्यावर गाडी चालवलेल्या माणसाला कुठल्या पुलावर स्टिअरिंग हाताला धडधडायचं, कुठल्या जॉइंटवर मागची सीट उडायची, कुठं पावसाळ्यात गाडी नकळत डावीकडे ओढायची, हे सगळं अजून पाठ असेल. एक्स्पान्शन जॉइंट मरायला लागला की ते आधी चालकाच्या मनगटाला कळतं, आपल्या रजिस्टरला नंतर. त्यांनी सांगितलेलं वहीत लिहून घे, पुलाचं नाव आणि अंदाजे साल घालून. मग त्यांना वर दाखव, पांढरे ओघळ कुठले, तांबडे कुठले. हातोडी नेलीस तर पोलीस येतील, ती नेऊ नकोस.

मेल गुरुवारपर्यंत जाऊ दे. कव्हर मीटरचे आकडे आले की मला कळव, मिलिमीटरमध्ये.

तुझा,
काका